'व्हिजिलांटीज': मदत करायला परवाना लागावा का?

मुठाकाठ

'माय हीरो अकॅडेमिया: व्हिजिलांटीज' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका एप्रिल २०२५मध्ये सुरू झाली, तिचे १३ भागांचे पहिले पर्व जूनअखेर संपले आणि जानेवारी २०२६पासून दुसरे पर्व आले. पुण्यात अ‍ॅनिमे पाहणाऱ्या मुलामुलींमध्ये मूळ 'माय हीरो अकॅडेमिया'ची चर्चा जितकी होते, तितकी या उपमालिकेची होत नाही. अनेकांनी ती मूळ मालिकेला लावलेली पुरवणी समजून बाजूला ठेवली आहे. माझ्या मते तिने हाती घेतलेला प्रश्न मूळ मालिकेतील प्रश्नापेक्षा अवघड आहे आणि आपल्या रोजच्या जगण्याच्या अधिक जवळचा आहे. त्यावर सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे. पहिल्या पर्वातील काही घटना येथे उघड होतील, याची नव्या प्रेक्षकांनी नोंद घ्यावी.

ज्यांनी काहीच पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या जगात सुमारे ८० टक्के माणसांना 'क्वर्क' नावाची एखादी जन्मजात शक्ती असते. इतक्या लोकांच्या हाती शक्ती आल्यावर शासनाने नियम केला की परवाना नसलेल्या माणसाने सार्वजनिक ठिकाणी ती वापरायची नाही. त्यामुळे 'हीरो' हा शिक्षण, परीक्षा, परवाना आणि मोबदला असलेला रीतसर व्यवसाय झाला. मूळ मालिका हा परवाना मिळवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची आहे. 'व्हिजिलांटीज' त्याच्या काही वर्षे आधी, टोकियोच्या नारुहाता या भागात घडते आणि ती व्हिजिलांटींची, म्हणजे परवाना नसताना स्वतःहून समाजाचे रक्षण करू पाहणाऱ्यांची गोष्ट आहे.

कोइची हाइमावारी हा महाविद्यालयात शिकणारा साधा मुलगा एका इमारतीच्या गच्चीवरील खोलीत राहतो. हातपायांपैकी तीन टेकलेले असले की तो जमिनीवरून घसरत पुढे जाऊ शकतो आणि तेही साधारण सायकलच्या वेगाने. एवढीच त्याची शक्ती. ऑल माइट या सर्वश्रेष्ठ हीरोचे चित्र असलेले हूडी घालून तो रात्री फिरतो, पडलेला कचरा उचलतो, वाट चुकलेल्याला रस्ता दाखवतो. त्यात कोणाचेही नुकसान नाही. तरीही कायद्याच्या काटेकोर भाषेत तो गुन्हेगार आहे, कारण घसरत जाताना तो शक्ती वापरतो.

दुसरा माणूस नकलडस्टर. हा मध्यमवयीन, धिप्पाड गृहस्थ आहे आणि त्याच्याकडे कोणतीही शक्ती नाही. तो मुठीने मारतो. 'ट्रिगर' नावाचे अमली द्रव्य घेतलेल्या माणसाची शक्ती अनावर होते, विवेक सुटतो आणि जीभ काळी पडते. म्हणून नकलडस्टर संशयिताला आधी ठोसा लगावतो आणि मग जीभ बाहेर काढायला लावून तपासतो. हे दृश्य पाहताना सुरुवातीला हसू येते, पण जरा थांबून विचार केला की अस्वस्थ व्हायला होते, कारण ज्याची जीभ काळी निघत नाही त्याने ठोसा फुकट खाल्लेला असतो.

तिसरा स्टेंडाल. हा मुखवटा घालून गुन्हेगारांना तलवारीने ठार मारतो. मूळ मालिका पाहिलेल्यांना हा पुढे कोण होतो हे ठाऊक आहे.

एक मदत करतो, दुसरा मारहाण करतो, तिसरा जीव घेतो. तिघांकडेही परवाना नाही आणि तिघांनाही आपण शहरासाठी झटत आहोत असे मनापासून वाटते. माझे म्हणणे असे आहे की या मालिकेतील कायद्याची खरी उणीव तो कडक असण्यात नाही. तो कृत्याकडे न पाहता साधनाकडे पाहतो, ही त्याची उणीव आहे. शक्ती वापरून कचरा उचलणारा कोइची या कायद्याच्या कक्षेत येतो. शक्ती नसल्यामुळे नकलडस्टर मात्र त्या कायद्याच्या हाती लागतच नाही. त्याच्यावर फार तर साध्या मारहाणीचा गुन्हा दाखल होईल. पहिल्या पर्वात इरेझर हेड हा परवानाधारक हीरो नकलडस्टरशी भिडतो, तो प्रसंग मला म्हणूनच फार महत्त्वाचा वाटतो. नजरेने दुसऱ्याची शक्ती पुसून टाकणे हे इरेझर हेडचे कौशल्य, पण समोरच्याकडे पुसण्यासारखे काही नसल्यामुळे ते निकामी ठरते. तेथे कायद्याचीही नेमकी तीच गत होते.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. कोइचीलाही हीरो व्हायचे होते. प्रवेशपरीक्षेला जाताना त्याने पाण्यात बुडणाऱ्या एका मुलीला वाचवले आणि त्याची परीक्षा हुकली. आता मूळ मालिकेतील यू. ए. विद्यालयाची प्रवेशपरीक्षा आठवा. तेथे यंत्रमानव फोडल्याच्या गुणांखेरीज इतरांना वाचवल्याचे गुणही गुप्तपणे दिले जातात. नायक मिदोरिया एकही यंत्रमानव मोजणीत न घेता केवळ बचावाच्या ६० गुणांवर प्रवेश मिळवतो. म्हणजे परीक्षेच्या मैदानावर कोणाला वाचवले तर गुण, आणि परीक्षेच्या वाटेवर वाचवले तर संधी गेली. परवाना देणारी व्यवस्था स्वतःच्या आवारातील चांगुलपणा मोजू शकते, आवाराबाहेरचा तिला दिसत नाही. लेखकाने हे कोठेही भाषण करून सांगितलेले नाही, ही मला त्याची मोठी ताकद वाटते.

तुम्हाला काय वाटते, ते जरूर लिहावे.

तळजाई

सविस्तर धाग्याबद्दल आभार. मूळ मालिका न पाहता ही पाहिली तर चालेल का? माझा मुलगा अकरावीत आहे आणि त्याने आग्रह धरला आहे, पण मूळ मालिकेची इतकी पर्वे पाहण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

मुठाकाठ

तळजाई, अवश्य पाहा. ही गोष्ट आधीच्या काळात घडत असल्यामुळे मूळ मालिकेतील कोणताही प्रसंग ठाऊक असण्याची गरज पडत नाही. इरेझर हेडसारखी पात्रे ओळखीची असली तर आनंद थोडा वाढतो, इतकेच.

कलमदप्तर

मी व्यवसायाने वकील आहे आणि शिवाजीनगर न्यायालयात काम करतो, त्यामुळे हा धागा विशेष रस घेऊन वाचला. कायदा कृत्याऐवजी साधनाकडे पाहतो, हे मुठाकाठ यांचे निरीक्षण मालिकेपुरते बरोबर आहे. आपल्या कायद्यात मात्र हा प्रश्न बराच विचारपूर्वक सोडवलेला आहे, हे येथे सांगावेसे वाटते.

आपल्याकडे सामान्य नागरिकाला तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवर तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात. केवळ मदत करणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४अ आले. त्यानुसार अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी अथवा फौजदारी दायित्व येत नाही आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. कोइचीसारखा अनामिक मदतनीस आपल्याकडे या कलमाच्या आश्रयाला उभा राहू शकतो.

बळाचा वापर ही दुसरी पायरी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४मध्ये स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराच्या व मालमत्तेच्या बचावाचा अधिकार दिलेला आहे. गल्लीत एखाद्या मुलीला गुंडांनी घेरले असेल तर तिच्यासाठी मध्ये पडणारा माणूस गुन्हेगार ठरत नाही. मात्र बचावाला आवश्यक असेल त्यापेक्षा अधिक इजा करण्याचा अधिकार नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे दाद मागण्याइतका अवधी असेल तर हा अधिकारच उरत नाही. पॉप स्टेप ही छपरांवर गाणारी मुलगी आणि कोइची यांना सोडवण्यासाठी पहिल्याच भागात नकलडस्टर उडी घेतो, तेवढे या कलमांत बसेल. जीभ तपासण्यासाठी मारलेला ठोसा अजिबात बसणार नाही.

पकडण्याचा अधिकारही आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०नुसार, आपल्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक पकडू शकतो, मात्र विनाविलंब आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. ही सहा तासांची मर्यादा नव्या संहितेने घातली. मला ती फार मोलाची वाटते, कारण पकडणारा माणूस न्यायाधीश होऊन बसतो तो याच तासांत.

शिक्षा देण्याचा अधिकार कोणत्याही नागरिकाला कोठेही नाही. त्यामुळे स्टेंडालबद्दल कायद्याच्या दृष्टीने चर्चा करण्यासारखे काही राहत नाही.

सव्यसाची

चर्चेचा दर्जा पाहून आनंद झाला, परंतु मला या मालिकेबद्दल गंभीर आक्षेप आहे आणि तो स्पष्टपणे मांडतो.

नकलडस्टर हा प्रेक्षकाला आवडेल अशा रीतीने घडवलेला आहे. तो दणकट आहे, विनोदी आहे आणि त्याचा अंदाज बहुधा खरा ठरतो. खऱ्या जगात अंदाज खरा ठरत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेले लोक होते. मारणाऱ्यांपैकी प्रत्येकाला आपण गावातल्या मुलांचे रक्षण करतो आहोत असेच वाटत असणार. एप्रिल २०२०मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथेही अफवेच्या वातावरणात तिघांचा बळी गेला. जमावाला काळी जीभ दिसायला वेळ लागत नाही, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे.

मालिकेतही हा धोका दडलेला आहेच. पुढे मधमाश्यांकरवी लोकांना नकळत ट्रिगर टोचले जाते. ज्याला ते टोचले तो गुन्हेगार नाही, उलट अत्याचाराचा बळी आहे. अशा माणसाला ठोसे मारून आडवे करणे आणि त्याला पराक्रम म्हणणे मला पटत नाही. परवान्याची व्यवस्था कितीही आंधळी असली तरी परवानाधारकाला जाब विचारता येतो. मुखवटा घातलेल्याला कोण विचारणार?

मुठाकाठ

सव्यसाची, तुमचा आक्षेप मी मनापासून मान्य करतो, आणि तो मालिकेच्या विरोधात जातो असे मला वाटत नाही. नकलडस्टर आणि स्टेंडाल यांची गाठ पडते तो भाग पुन्हा पाहावा, अशी विनंती आहे. लेखकाने दोघांना समोरासमोर आणले ते याचसाठी, की मारणारा आणि जीव घेणारा यांच्यातले अंतर किती कमी आहे हे दिसावे. त्या भेटीनंतर स्टेंडाल थांबत नाही, उलट आणखी कठोर होतो आणि पुढे हीरोंनाच मारणारा स्टेन बनतो. नकलडस्टरच्या मार्गाने माणूस सुधारतो असे मालिका म्हणत असती, तर हा शेवट तिने निवडला नसता.

याउलट सोगा आणि त्याच्या दोन साथीदारांकडे पाहा. पहिल्या भागात पॉप स्टेपला त्रास देणारे हेच तीन गुंड. पुढे ते कोइचीच्या ओळखीचे होतात आणि अडीअडचणीला धावूनही येतात. त्यांना मार बसला म्हणून ते बदलले नाहीत. मार खाल्ल्यानंतरही नारुहातातील माणसांनी त्यांच्याशी बोलणे सोडले नाही, म्हणून ते बदलले. परवानाधारक हीरो गुन्हेगाराला पोलिसांच्या ताब्यात देऊन पुढच्या कामाला जातो. कोइची त्याच मोहल्ल्यात राहतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याला तेच चेहरे दिसतात. स्थानिक असणे हीच त्याची खरी शक्ती आहे, असे मला वाटते.

मुखवटा घातलेल्याला कोण विचारणार, हा तुमचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचे पुरेसे उत्तर मालिकेकडे नाही.

रेषाटन

मी अ‍ॅनिमेशनचे शिक्षण घेतलेले आहे, म्हणून चित्रणाच्या अंगाने थोडे लिहितो. ही मालिका बोन्स फिल्म या स्टुडिओने केली आणि केनइची सुझुकी तिचे दिग्दर्शक आहेत. मूळ मांगाचे (जपानी चित्रकथेचे) लेखन हिदेयुकी फुरुहाशी यांचे आणि चित्रे बेटेन कोर्ट यांची. हा मांगा २०१६पासून २०२२पर्यंत चालला आणि त्याचे १५ खंड झाले.

कोइचीची हालचाल काढणे सोपे नाही. उडणारा माणूस काढताना आकाश मोकळे असते. जमिनीला चिकटून घसरणारा माणूस काढताना फरशा, पायऱ्या, गटारांची झाकणे, दुकानांच्या पाट्या हे सगळे त्याच्या अगदी नाकासमोरून जात असते, त्यामुळे पार्श्वभूमी पुसट काढून भागत नाही. पहिल्या काही भागांत तो चार पायांवर सरपटतो, तेव्हा पाठीचा कणा आणि खांदे कसे हलतात याकडे लक्ष द्यावे. तो देखणा दिसू नये याची काळजी चित्रकारांनी घेतली आहे. एक गुडघा टेकून केलेली हीरोची ऐटबाज उतरण त्याला कधी दिलेलीच नाही. मांगाच्या पानाप्रमाणे पडद्याचे तुकडे पाडण्याची शैली येथे वारंवार येते. ती काहींना खटकली, मला ती या रात्रीच्या, गर्दीच्या वस्तीला शोभणारी वाटली.

तळजाई

तुमच्या शिफारशीवरून पहिले पर्व मुलासोबत बसून पाहिले. आता माझेही मत मांडते.

पॉप स्टेपबद्दल येथे कोणीच फारसे लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले. काझुहो हानेयामा ही शाळकरी वयाची मुलगी परवानगी न घेता इमारतींच्या छपरांवर गाण्याचे कार्यक्रम करते आणि पोलीस आले की उड्या मारत पसार होते. ती कोणालाही वाचवत नाही आणि कोणाला मारतही नाही. मुठाकाठ यांनी सांगितलेल्या तीन प्रकारांत तिला जागाच नाही. तरीही ती या बेकायदा मंडळींत मोडते, कारण तिनेही परवानगी घेतलेली नाही. पुढे मारुकाने या दुकानाच्या आवारात तिचा रीतसर कार्यक्रम ठरतो, तेव्हा तिचे दडपण कमी होण्याऐवजी वाढते. परवानगी मिळाल्यावर आपण खरोखर चांगले गातो का, हा प्रश्न पहिल्यांदा तिच्यासमोर उभा राहतो. छपरावर गाताना तो कोणी विचारत नव्हते. माझ्या मुलाला हा भाग संथ वाटला. मला तो सगळ्यांत खरा वाटला.

कोइचीबद्दल एक सांगते. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा आम्ही सहकारनगर भागात राहत होतो. पाणी पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत आले आणि वीज गेली. समोरच्या वसाहतीतील मुलांनी एका खांबाला आणि आमच्या फाटकाला दोर बांधला. त्या दोराला धरून त्यांनी तळमजल्यावरच्या आजींना पाठीवर घेऊन बाहेर काढले. अग्निशमन दलाचे जवान शहरभर अडकलेले होते, ते आले तेव्हा त्यांनी दोराची गाठ तपासली, ती पक्की आहे असे सांगितले आणि तोच दोर वापरून पुढचे काम सुरू केले. त्या मुलांपैकी कोणाकडेही आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण नव्हते. त्या रात्री कोणी त्यांना बाजूला व्हा म्हटले असते तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही. मात्र जवान आल्यावर त्या मुलांनी पुढाकार त्यांच्याकडे दिला आणि ते सांगतील तसे वागले, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते.

कलमदप्तर

तळजाई, तुम्ही सांगितलेला प्रसंग या चर्चेला फार पुढे नेतो. परवानाधारक आणि विनापरवाना अशी दोन टोके मालिकेत आहेत, पण आपल्याकडे मधला मार्गही आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २१खाली विशेष पोलीस अधिकारी नेमता येतात. २०२०च्या टाळेबंदीत पुणे पोलिसांनी अनेक नागरिकांना असे नेमले होते. होमगार्डची संघटना तर त्याहून जुनी, तिचा कायदा १९४७चा. म्हणजे पूर्णवेळ पोलीस न होता, ठरावीक काळापुरते, ठरावीक कामापुरते आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली मदत करण्याची सोय आहे. सव्यसाची यांनी विचारलेल्या जबाबदारीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. नारुहातामध्ये अशी सोय असती तर कोइचीला हूडीची टोपी ओढून फिरावे लागले नसते.

सव्यसाची

कलमदप्तर, हे मला मान्य आहे. पण मग गोष्टच राहणार नाही, हेही खरे. मूळ मालिकेत होसू शहरात तीन विद्यार्थी परवाना नसताना स्टेनशी लढतात आणि एका हीरोचा जीव वाचवतात. नंतर पोलीसप्रमुख त्यांना सांगतात की तुम्ही कायदा मोडला आहे. शिक्षा टाळण्यासाठी स्टेनला पकडल्याचे श्रेय एंडेव्हर या परवानाधारक हीरोच्या नावावर टाकले जाते. त्या पोलीसप्रमुखांना मुलांबद्दल आदर आहे, तरीही नोंदवहीत खरे लिहिण्याची सोय त्यांच्याकडे नाही. नकलडस्टरबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे, परंतु व्यवस्थेला खरे लिहिता येत नाही ही बाजूही तितकीच गंभीर आहे, हे या धाग्यामुळे ध्यानात आले.

मुठाकाठ

होसूचे उदाहरण अगदी समर्पक आहे. तळजाई, पॉप स्टेपबद्दलचे तुमचे म्हणणे वाचून मी मारुकानेचा भाग पुन्हा पाहिला. कार्यक्रम ठरल्यानंतर तिच्या चेहऱ्यावर जो ताण येतो, तो फार बारकाईने काढलेला आहे.

माकोतो त्सुकाउची या पात्राचा उल्लेख अद्याप कोणी केलेला नाही. ती कोइचीच्याच विद्यापीठात शिकते, एका पोलीस अधिकाऱ्याची बहीण आहे, आणि परवाना नसलेल्या या मंडळींचा अभ्यास करते. आजचे परवानाधारक हीरो ज्यांच्यातून निघाले ते पहिले लोकही परवाना नसलेलेच होते, हा धागा तिच्यामुळे गोष्टीत येतो. तिने स्पर्श केला की समोरचा खोटे बोलतो आहे का हे तिला कळते, आणि तरीही कोइची कोण हे ओळखून ती ते भावाला सांगायला धावत नाही. कलमदप्तर यांनी सांगितलेल्या मधल्या मार्गाच्या सर्वांत जवळ या मालिकेत तीच उभी आहे, असे मला वाटते. तिच्यावर कोणी सविस्तर लिहिणार असेल तर वाचायला आवडेल.

दुसऱ्या पर्वाबद्दल लिहिताना भागाचा क्रमांक प्रतिसादाच्या सुरुवातीलाच नोंदवावा, म्हणजे ज्यांचे पाहून झालेले नाही त्यांना तो प्रतिसाद वगळून पुढे जाता येईल.